गलांडा आणि तरवड : दोन माळांवरच्या दोन फुलांचा इतिहास

फुलबाजारातला एखादा साधा हार हातात घेऊन नीट पाहिला, तर त्यात अर्ध्या जगाचा नकाशा ओवलेला दिसतो. झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. शेवंती चीनकडून आलेली. आणि यांच्यामध्ये जो लाल पोटाचा, पिवळ्या काठाचा गलांडा असतो, तो उत्तर अमेरिकेतील 'प्रेअरी' नावाच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवरचा. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव गेलार्डिया पल्चेला. रोपवाटिकेत 'गॅलार्डिया' आणि बाजारात गलांडा. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर भागांत शेतकरी तो शेतात लावतात आणि सुट्या फुलांच्या भावाने विकतात. तो परका आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

आता दुसरे फूल पाहू. हे हाराच्या बाजारात सहसा मिळत नाही. नवरात्राच्या दिवसांत सोलापुरातील तेलुगू भाषक घरांमध्ये बतुकम्माचा सण होतो. फुलांचे थरावर थर रचून शंकूसारखी आरास केली जाते आणि तिच्याभोवती बायका-मुली फेर धरतात. या आरासीत मान असतो तो 'तंगेडू' आणि 'गुनुगू' या रानफुलांना. गुनुगू म्हणजे आपला कुरडू. आणि तंगेडू म्हणजे तरवड, म्हणजेच सेना ऑरिक्युलाटा. हा तरवड सोलापूरच्या मुरमाड माळावर कोणी न लावता, कोणी पाणी न घालता उभा असतो.

दोन्ही फुले माळावरची, दोन्ही पिवळ्या रंगाचा डौल मिरवणारी, दोन्ही कमी पाण्यावर तग धरणारी. तरीही एक सातासमुद्रापलीकडून येऊन आपल्या वाफ्यात बसले आणि दुसरे कुंपणाबाहेर उभे असूनही कुंपणाच्या आत आले नाही. असे का झाले? उत्तर शोधू लागलो की बागकामाचा विषय मागे पडतो आणि आपण जमिनीच्या इतिहासात शिरतो.

अक्कलकोट रोडवरचा मुरूम

हा इतिहास समजून घ्यायला सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरची एमआयडीसी ही जागा फार सोयीची आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे राज्यभर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अक्कलकोट रोडच्या वसाहतीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालतो. चादरी आणि टॉवेल विणले जातात. मालक आणि कामगार यांच्यात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे. तरवडाच्या फुलांचा सण या शहरात आला तो त्यांच्याबरोबरच.

इथली जमीन उथळ आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस वर्षाला सरासरी ५५० ते ७५० मिलिमीटरच्या घरात, पण सरासरी या शब्दावर फार विसंबू नये. एका वर्षी दोन मोठ्या सरींत सगळा कोटा पुरा होतो, दुसऱ्या वर्षी जुलै-ऑगस्ट कोरडे जातात. बहुतेक ठिकाणी पावसाचा जोर जुलैत असतो. सोलापुरात तो सप्टेंबरात असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर राहतो. अशा जागी कारखान्याच्या दारापुढे हिरवळ राखायची तर टँकर मागवावा लागतो. आणि त्याच दारासमोरच्या मोकळ्या जागेत, टाकून दिलेल्या मुरमाच्या ढिगावर, तरवडाचे झुडूप फुललेले असते.

आम्ही या वसाहतीतील एका आवारात भिंतीलगत दोन लहान वाफे केले: एकात गलांडा, एकात तरवड. दोघांचे वागणे इतके वेगळे, की शिक्षकांनी मुलांना मुद्दाम दाखवावे. गलांड्याची रोपे लावल्यावर अडीच-तीन महिन्यांत फुले आली; बहर भरात आला, आणि पुढे झाडे बी टाकून वाळून गेली. तरवड पहिल्या पावसाळ्यात जेमतेम वीत-दोन वीत वाढला. वर काहीच घडत नाही असे वाटत होते. पण एक रोप उपटून पाहिले तेव्हा वरच्या झाडापेक्षा खालचे मूळ लांब निघाले.

अवर्षणाला तोंड देण्याचे हे दोन ढोबळ मार्ग आहेत. पहिला मार्ग दुष्काळ चुकवण्याचा: ओल आहे तोवर झटपट उगवायचे, फुलायचे, आणि कोरड येण्याआधी बियांच्या रूपात मातीत दडून बसायचे. गलांडा वार्षिक असल्याने मुख्यतः या वाटेने जातो. शिवाय त्याच्या पानांवरची लव पानालगतची हवा अडवून बाष्पीभवन कमी करते. दुसरा मार्ग दुष्काळ सोसण्याचा: आधी मूळ खोल न्यायचे, मुरमाच्या भेगांतील ओल गाठायची, आणि मगच वर वाढायचे. तरवड या वाटेचा. दोन्ही मार्ग कोणा माळ्याने शिकवलेले नाहीत. ज्या गवताळ प्रदेशांत या वनस्पती घडल्या, त्या प्रदेशांचे ते देणे आहे. कमी पाण्यावर जगण्याचा गुण हवा असेल, तर तो गुण जिथे घडतो ती जागाही असावी लागते. पुढचा सगळा इतिहास या साध्या विधानाभोवती फिरतो.

एका प्रेअरीफुलाचा प्रवास

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, रॉकी पर्वतापासून पूर्वेकडे शेकडो मैल पसरलेला गवताळ प्रदेश म्हणजे प्रेअरी. युरोपीय लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे तेथे मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती राहत होत्या. गवत अधूनमधून जाळणे, गव्यासारख्या बायसन या प्राण्याची शिकार करणे, असे त्यांचे जीवन त्या मैदानाशी जुळलेले होते. गलांडा हे तेथल्या गवतात मिसळून उगवणारे फूल. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांच्या वर्तुळांमुळे लोकांना मूळ रहिवाशांच्या रंगीत विणलेल्या कांबळ्यांची आठवण झाली, आणि इंग्रजीत त्याला 'ब्लँकेट फ्लॉवर' म्हणू लागले. चादरीच्या गावात रुजायला याहून योग्य नावाचे फूल शोधून सापडले नसते.

शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र फ्रान्समध्ये. १७८० च्या दशकात लुइझियाना प्रांतातून आलेल्या या वनस्पतीचे वर्णन फुझरू द बोंदारॉय या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. वनस्पतिशास्त्राला आश्रय देणारे गेयार द शारांतोनो नावाचे एक न्यायाधीश होते. त्यांच्या सन्मानार्थ या प्रजातीला गेलार्डिया हे नाव दिले गेले. जिथे हे फूल पिढ्यान्‌पिढ्या उमलत होते, तेथल्या लोकांचा शब्द नावात आला नाही. वनस्पतींच्या नावांच्या इतिहासात असे वारंवार घडले आहे.

पुढचा टप्पा १८०६ चा. अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांनी पाठवलेली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम पॅसिफिक महासागर गाठून परत येत होती. ७ जुलै १८०६ रोजी लुइसने रॉकी पर्वतातील कोरड्या टेकड्यांवर गलांड्याची एक बहुवार्षिक भावंड-जात गोळा केली. पर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे तिचे नाव गेलार्डिया अरिस्टाटा असे ठेवले.

यानंतर आला टॉमस ड्रमंड हा स्कॉटिश संग्राहक. १८३३ मध्ये तो टेक्ससला पोहोचला आणि पोहोचताच कॉलऱ्याने आजारी पडला. त्यातून उठल्यावर त्याने १८३४ च्या अखेरीपर्यंत तेथे हिंडून सुमारे ७५० जातींच्या वनस्पती आणि दीडशे पक्ष्यांचे नमुने गोळा केले. ते ग्लासगोच्या हूकर या प्राध्यापकांकडे जात. आपल्याकडच्या हिवाळी बागांत फुलणारा फ्लॉक्स हा त्याच्याच बियांतून युरोपला मिळाला. त्याच्या नावात आजही 'ड्रमंडी' आहे. गलांड्याच्या एका प्रकारालाही काही काळ त्याचे नाव होते. ड्रमंड परत मायदेशी पोहोचलाच नाही. १८३५ मध्ये क्यूबातील हवाना येथे त्याचा मृत्यू झाला.

बिया युरोपात पोहोचल्या आणि फुलाचे रूप बदलू लागले. बेल्जियममधील बागेत १८५० च्या दशकात वार्षिक आणि बहुवार्षिक गलांड्यांचा संकर आढळला. जर्मनीतील एर्फुर्ट शहर बियाण्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. तेथील लोरेन्झ या व्यापाऱ्याच्या नावाने 'लोरेन्झियाना' हा दुहेरी, भरगच्च गलांडा बाजारात आला.

हा दुहेरीपणा काय आहे ते मुलांना सहज दाखवता येईल. गलांड्याचे एक 'फूल' म्हणजे खरे तर शेकडो लहान पुष्पकांचा फुलोरा असतो. काठावरची पुष्पके पाकळीसारखी पसरलेली, त्यांना किरण-पुष्पके म्हणतात. मधली नळीसारखी, ती बिंब-पुष्पके. लोरेन्झियानात ही नळ्यांसारखी पुष्पकेच मोठी आणि रंगीत झालेली असतात, त्यामुळे फूल गोल चेंडूसारखे दिसते. साधा आणि दुहेरी गलांडा शेजारी ठेवून भिंगाने पाहिले, की माणसाने निवड करून काय बदलले ते डोळ्यांसमोर येते.

युरोपातून हे बी ब्रिटिश अंमलातील बंगल्यांच्या बागांत आले. १८६० च्या दशकात फर्मिंजर या बंगालमधील धर्मोपदेशकाने हिंदुस्थानातील बागकामावर लिहिलेले जाडजूड पुस्तक त्या काळी फार गाजले. पावसाळा संपताच परदेशी हंगामी फुलांचे बी पेरायचे आणि थंडीत बाग फुलवायची, ही त्या बागांची रीत. यांतली बहुतेक फुले उन्हाळा लागताच माना टाकत. गलांड्याने मात्र उन्हाला दाद दिली नाही. तो खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येतो, हलक्या जमिनीत येतो, आणि बी घरचे धरता येते. बंगल्यातून तो शेतात गेला तो या गुणांमुळे. शोभेचे झाड शेतकऱ्याचे पीक झाले.

प्रेअरी गेली, मग आठवली

फूल जगभर पसरत असताना त्याचे घर मात्र उद्ध्वस्त होत होते. प्रेअरीची जमीन गवताच्या मुळांनी इतकी घट्ट विणलेली असे, की लाकडी आणि ओतीव लोखंडाचे नांगर तीत चालत नसत. १८३७ मध्ये जॉन डीअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि ती वीण फाटू लागली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना जमिनी वाटल्या. मूळ रहिवाशांना हुसकावले गेले, बायसनांची कत्तल झाली. उंच गवताची प्रेअरी एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती, असा अंदाज आहे. त्यांपैकी आज ४ टक्क्यांहूनही कमी उरली आहे.

किंमत १९३० च्या दशकात चुकवावी लागली. ओळीने कोरडी वर्षे आली, नांगरलेली माती वाऱ्यावर उडाली, आणि १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी धुळीच्या प्रचंड वादळाने भर दिवसा अंधार केला. त्याच महिन्यात अमेरिकेत मृदासंधारणाचा कायदा झाला. नेब्रास्का विद्यापीठात जॉन वीव्हर हे वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वीपासून प्रेअरीत चर खणून मुळांचे नकाशे काढत होते. काही वनस्पतींची मुळे दोन-तीन मीटरांहून खोल जातात, हे त्यांनी दाखवले होते. धुळीच्या वर्षांत त्या चित्रांचा अर्थ सर्वांना समजला: माती धरून ठेवणारे जे होते, तेच उपटले गेले होते.

त्याच दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन येथे एक अनोखे काम हाती घेतले. शेती सोडून दिलेल्या जमिनीवर प्रेअरी पुन्हा उभी करायची! १९३५ पासून तरुण मजुरांच्या पथकांनी आसपासच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून गवते आणि रानफुले आणून लावली. आल्डो लिओपोल्ड या उपक्रमाच्या मार्गदर्शकांपैकी एक होते. आज तो तुकडा 'कर्टिस प्रेअरी' म्हणून ओळखला जातो, आणि नष्ट झालेला अधिवास पुन्हा उभारण्याच्या शास्त्राची सुरुवात तेथून मानली जाते. पुढे रानफुले घरच्या बागेतही आली. १९८२ मध्ये टेक्सस राज्यात लेडी बर्ड जॉन्सन यांच्या पुढाकाराने रानफुलांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. १९८६ मध्ये ओक्लाहोमाने गलांड्याला आपले राज्य-रानफूल ठरवले. ज्या फुलाला युरोपने दोनशे वर्षांपूर्वी बागेत नेले, त्याला त्याच्याच मुलखाने मान दिला तो घर मोडल्यानंतर.

त्याच दशकातले सोलापूर

सोलापूरचे नाव शेतीच्या विज्ञानात याच काळात आले. कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी पुण्याजवळ मांजरी येथे सुरू केले होते. १९३३ मध्ये शेती संशोधन परिषदेच्या मदतीने सोलापुरात कोरडवाहू संशोधन केंद्र निघाले; विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक ही त्याची भावंडे. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांवर उभी राहिलेली 'मुंबई कोरडवाहू पद्धत' या कामातून आकाराला आली. एन. व्ही. कानिटकर यांनी १९४४ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ३५-१ हा वाण आजही शेतकऱ्यांच्या जिभेवर आहे.

म्हणजे अवर्षणात तग धरणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास सोलापुरात नऊ दशकांहून जुना आहे. पण तो पिकांचा. वरकस जमिनीवरचे गवत, कुरडू आणि तरवड या अभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहिले. त्याचे एक कारण शब्दांत दडलेले आहे.

माळ या शब्दात मूळचा कमीपणा काहीच नाही. गुरे चारायची, मेंढरे बसवायची, पावसाळ्यात भाज्या खुडायची ती जागा. ब्रिटिश महसूल पद्धतीने जमिनी प्रतवारीने मांडल्या. ज्यातून सारा येत नाही ती पडीक. स्वातंत्र्यानंतरही हिशेब तोच राहिला. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, २००० मध्ये पडीक जमिनींचा देशभराचा नकाशासंग्रह निघाला. अनेक नैसर्गिक गवताळ प्रदेश या 'पडीक' रकान्यात जाऊन पडले. एकदा पडीक म्हटले की उपाय दोनच उरतात: झाडे लावा किंवा कारखाना काढा. माळावर खड्डे घेऊन गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावण्याचे कार्यक्रम अनेक ठिकाणी झाले. उद्देश चांगला होता, पण सावली पडली की उन्हात वाढणारे गवत आणि रानफुले हटतात.

या समजुतीमागे एक गृहीत होते: माळ म्हणजे तोडून उजाड झालेले जंगल. हे गृहीत आता तपासले गेले आहे, आणि तेही मराठी वाङ्मयाच्या साहाय्याने. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. ते उल्लेख बहुतांशी घनदाट अरण्यातल्या झाडांचे नसून उघड्या माळावरच्या, काटेरी, उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींचे निघाले. पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषेचे आणि विज्ञानाचे शिक्षक मिळून शिकवू शकतील असा हा विषय आहे.

सोलापूरच्या माळाची सर्वांत प्रसिद्ध ओळख म्हणजे माळढोक. नान्नजच्या परिसरासाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, शहरे सगळेच आले होते. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. आता तेथे माळढोक दिसणे हीच बातमी होते. पक्षी मोठा आहे म्हणून त्याचे जाणे लक्षात आले. एखादे फूल माळावरून गेले तर कोणाच्या लक्षात येणार?

तरवड : ओळखीचा अनोळखी

तरवडाचा इतिहास गलांड्याइतका नाट्यमय नाही, पण अधिक जुना आहे. संस्कृतात त्याला आवर्तकी म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये त्याचे नाव कॅसिया ऑरिक्युलाटा असे नोंदवले. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर उपपर्णे असतात, त्यावरून हे नाव. तरवड ओळखायची हीच खूण मुलांना द्यावी. पुढे रॉक्सबर्गच्या ग्रंथात तो सेना या प्रजातीत गेला आणि आज तेच नाव रूढ आहे.

त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असते. बाभळीच्या सालीबरोबर तरवडाची सालही कातडी कमावायला वापरत. दक्षिण भारतातील चर्मोद्योग कैक वर्षे या सालीवर चालला. विसाव्या शतकात वॅटल या परदेशी झाडाची साल आली आणि तरवडाची मागणी घटली. शेळ्या-मेंढ्या त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ माळावरही तो टिकून राहतो. आणि तेलंगणा राज्य २०१४ मध्ये स्थापन झाल्यावर त्या राज्याने तंगेडूला राज्यपुष्प केले. ओक्लाहोमाचा गलांडा आणि तेलंगणाचा तरवड, दोन कोरड्या मुलखांनी आपापल्या माळाचे फूल निवडले. दोघेही अक्कलकोट रोडवर भेटतात.

तरवडाचे फूल वर्गात नेण्यासारखे आहे. त्यात दहा पुंकेसर असतात, पण ते सारखे नसतात. वरचे तीन आखूड आणि वांझ, मधले मध्यम, आणि खालचे तीन लांब, वाकलेले. परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे परागकण हलवल्यावरच बाहेर येतात. हे हलवण्याचे काम करतो काळा मोठा भुंगा. तो फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो, आवाज एकदम बदलतो, आणि पराग उडतात. मधले पुंकेसर त्याला खाऊ देतात. लांब पुंकेसरांतले पराग त्याच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलावर जातात. या झुडपाच्या पानांवर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्याही वाढतात. गलांड्याच्या वाफ्यावर मधमाश्या येतात हे खरे, पण आपल्या माळावरच्या कीटकांचे तरवडाशी असलेले नाते कित्येक पिढ्यांचे आहे.

शाळेच्या बागेत

तरवड लावायला खर्च नाही. हिवाळ्यानंतर चपट्या शेंगा तपकिरी झाल्या की बी गोळा करावे. एका झुडपावरच्या थोड्याच शेंगा घ्याव्यात, बाकी माळाला राहू द्याव्यात. रानातली झाडे उपटून आणू नयेत. मूळ तुटते आणि झाड सहसा जगत नाही. बियांचे कवच कठीण असते. काही बिया तशाच पेराव्यात, काही खरखरीत कागदावर घासून, काही कढत पाण्यात टाकून रात्रभर तसेच ठेवून. कोणत्या किती उगवल्या याचा तक्ता मुलांनी करावा. कठीण कवचामुळे सगळे बी एकाच सरीला उगवत नाही. फसव्या पावसात सगळी पिढी मरू नये, याची ही तरतूद आहे. हे मुलांना तक्त्यावरूनच समजेल.

पेरणी जूनमध्ये, शक्य तो जागेवरच करावी, म्हणजे सोटमूळ अडत नाही. जमीन मुरमाड चालते. शेणखताची गरज नाही. पहिल्या पावसाळ्यात खंड पडला तर पाणी द्यावे, पुढे हात आखडता घ्यावा. फुले साधारण दुसऱ्या वर्षी येतात. शेजारच्या वाफ्यात गलांडा लावावा: बी गादीवाफ्यावर टाकून महिनाभराची रोपे दीड-दोन फुटांवर. पाणी साचू देऊ नये. खत जास्त झाले तर झाड नुसते पाल्याने माजते आणि लोळते. दोन्ही वाफ्यांना दिलेले पाणी मुलांनी डब्यांनी मोजून वर्षभर लिहून ठेवावे. वर्षाअखेरची ती वही एखाद्या धड्याइतकीच मोलाची ठरेल.

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट सांगायला हवी. बागेत तरवड लावला म्हणजे माळ वाचला असे होत नाही. मॅडिसनला नऊ दशके झाली, तरी जुन्या प्रेअरीचे सगळे घटक परत आलेले नाहीत. बागेत आपण एक जात लावतो. माळावर गवते, कंद, मातीतले जंतू, भुंगे, चंडोल, मेंढरांची ये-जा हे सगळे एकत्र असते. बागेचा उपयोग निराळा आहे. ज्या मुलाने तरवडाचे बी घासून पेरले, त्याचे मूळ मोजले, भुंग्याचा बदलता आवाज ऐकला, ते मूल मोठेपणी सातबाऱ्यावर किंवा एखाद्या आराखड्यावर 'पडीक' हा शब्द वाचेल तेव्हा क्षणभर थांबेल.

अमेरिकेत तो शब्द तपासायची वेळ आली तेव्हा शंभरातले चारच भाग उरले होते. सोलापूर जिल्ह्यात, नान्नजकडे, अक्कलकोटच्या वाटेवर, गावोगावच्या गायरानांत अजून माळ शिल्लक आहे. आपल्याला ती गोष्ट आधी माहीत झाली आहे, एवढाच आपला फायदा. या पावसाळ्यात शाळेजवळचा माळ मुलांना घेऊन एकदा चालून पाहावा, आणि तेथे किती प्रकारची फुले आहेत ते मोजावे.